पुढच्या मंडईपर्यंत

धान कापणीला आलं की सानगडीतलं सकाळचं धुकं आधी तलावावरून उठतं आणि मग सावकाश बाजाराकडे येतं. दुकानाचं शटर उचलताना हाताला ओल लागते. धानाचे भारे भरलेले ट्रॅक्टर रस्त्यानं जातात, त्यांच्यामागे लोंब्या सांडत जातात आणि चिमण्यांची नुसती झुंबड उडते. अशात एक दिवस भोंगा लावलेला ऑटो गावात शिरतो. अमक्या गावी मंडई, रात्री नाटक, आयाबहिणींसाठी बसायची वेगळी सोय. तो आवाज कानावर पडला की माझ्यातला दुकानदार खूश होतो आणि माझ्यातला बाप थोडा कावराबावरा होतो. यंदाही तसंच झालं.

पुण्याकडच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजी आठवते. आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. भाऊबीज आटोपली की एकेका गावाची पाळी लागते. आज या गावची मंडई, परवा त्या गावची, असं थेट कडक थंडी पडेपर्यंत चालतं. सासरी गेलेल्या लेकी पोराबाळांसकट माहेरी येतात. दिवसा ढोलकीवर नाचत-गात रंगणारी दंडार, जिलेबीच्या कढया, बांगड्यांची दुकानं आणि रात्री नाटक. ज्या गावची मंडई, त्या गावातल्या चुली दिवसभर विझत नाहीत. पाहुणे निघताना पोरांच्या हातात पैसे ठेवतात, आणि पोरं ते पैसे घेऊन ज्या वाटेनं पळत सुटतात त्या वाटेवर माझं दुकान आहे.

दुकान म्हणजे वह्या, पेनं, झेरॉक्स आणि गल्ल्याजवळ एक काचेची शोकेस. खरा धंदा शोकेसचा असतो, हे कोणत्याही जनरल स्टोअरवाल्याला विचारा. पोरगं पेनासाठी येतं आणि चमकणारं किचेन घेऊन जातं. लागणारी वस्तू मागच्या फळीवर ठेवायची आणि न लागणारी डोळ्यांसमोर, एवढंच त्यातलं शास्त्र. ओरडून काही विकावं लागत नाही. पोरं काचेसमोर आपोआप गप्प उभी राहतात, आणि अशी गप्प झाली की सौदा झाला समजायचं. इतकी वर्षं यावरच घर चालवलं, आणि त्याच घरात लेकीला काटकसर शिकवायला निघालो. यावर माझी बायको लता म्हणते, "गूळ इकते अन् शुगरवर भाषण देते हा मानूस!"

तिचं चुकीचं नाही. पण मीही काही आकाशातून पडलो नाही. मी दिघोरीचा. आमच्या लहानपणी पोरांच्या हाती पैसा येण्याची वाट धानाच्या बांधीतून, म्हणजे भातखाचरातून, जायची. कापणी होऊन मालकानं भारे उचलले की बांधीत गळालेल्या लोंब्या राहायच्या. त्या वेचायच्या म्हणजे सरवा वेचायचा. भारे बांधीत असेपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही, आणि ते एकदा उचलले की पोरांना कोणी अडवायचं नाही, हा अलिखित कायदा. सरव्याचं धान पोरांचं. त्यावर आईबापाचाही हक्क नसे.

माझी मोठी बहीण सुमनबाई आणि मी दोघं जायचो. सकाळी धसकटांवर दव असायचं, अनवाणी पायांना ती टोचायची आणि वरून गारही लागायची. कापलेल्या धानाचा एक गोडसर, ओलसर वास असतो. तो मला अजूनही कुठल्या अत्तरात सापडला नाही. धानातच पेरलेली लाखोरी, आमच्याकडचं कडधान्य, बोटभर वर आलेली असायची, आणि ती तुडवली की धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मालक ओरडायचा. मग पाय कुठे टाकायचा हे पाहत, वाकून, एकेक लोंबी. धुऱ्याच्या पोटात उंदरांची बिळं असत. ती उकरली की आत लोंब्यांचा साठाच निघायचा, नीट रचलेला. त्या उंदरांचं मला तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं, आमच्या आधी बचत त्यांनीच शिकली होती.

पण गंमत पुढेच आहे. लोंब्या घरी आल्या म्हणजे काही पैसा आला नाही. त्या काठीनं झोडायच्या, सुपात पाखडायच्या आणि चटईवर वाळत घालायच्या. गावातला सेठ ओलं धान घ्यायचा नाही. तो एक दाणा दाताखाली धरायचा. कट्ट वाजला तरच पायली भरायचा, नाहीतर परत पाठवायचा. मला पहिल्या दिवशी टिकल्यांचं पिस्तूल पाहिजे असायचं. धान झोडेपर्यंत पिस्तुलाऐवजी भोवरा पाहिजे असायचा. धान वाळेपर्यंत तर डोक्यात काय होतं तेच आठवायचं नाही. सुमनबाई मात्र पहिल्या दिवशी रिबिन म्हणायची आणि शेवटच्या दिवशीही रिबिनच म्हणायची. तेव्हा आई म्हणायची, "हिले खरंच पायजे. तुले नुसतं हातात पैसा पायजे."

आणि त्यातही एक चूक होती, ती फक्त आमच्या भागातलीच पोरं करू शकतात. पहिली मंडई बहुतेक मामाच्या किंवा मावशीच्या गावची असायची. तिथे जिलेबी, फुगा, शिट्टी, परत जिलेबी, की खिसा साफ. आणि आपल्या गावची मंडई अजून व्हायचीच असायची! त्या दिवशी मामेभाऊ, मावसबहिणी आपल्या घरी येणार, आणि त्यांना खाऊ घालायचा मान आपला. आईबाप जेवू घालतील, पण दुकानावरचा खाजा पोरांनी पोरांना खाऊ घालायचा असतो. खिसा रिकामा असला की त्या दिवशी गावातल्या निम्म्या पोरांचं पोट दुखायला लागायचं. कोणी गोठ्यात, कोणी तणसीच्या ढिगामागे. पाहुणे हाका मारत फिरायचे. असली लाज शाळेतल्या छड्यांनीही वाटली नसती.

आता कापणीची मोठी यंत्रं येतात. ती धान कापतात, झोडतात आणि पोत्यात भरून देतात. सरवा राहतच नाही असं नाही, पण तो वेचायला कोणी जात नाही. कशाला जाईल? मामा पैसे फोनवर पाठवतो. आवाज होतो, पैसे येतात. दुसरा आवाज होतो, पैसे जातात. मधे ना झोडणं, ना पाखडणं, ना सेठचा दात.

गेल्या वर्षीची मंडई मला म्हणूनच लक्षात राहिली. माझी लेक प्राची तेव्हा दहावीत होती. ती पळते. म्हणजे शाळेत सगळी पोरं पळतात तशी नाही, खरंच पळते. पहाटे तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, तिच्या पावलांचा आवाज ऐकून लोक उठतात म्हणे. तालुक्यात पहिली आली आणि जिल्ह्याला निवड झाली. भंडाऱ्याच्या शर्यती मंडईच्या दिवसांतच होत्या. तिथे खिळ्यांचे जोडे घालून येणाऱ्या मुली असतात. प्राचीजवळ कॅनव्हासचे, अंगठ्याशी फाटायला आलेले. शाळा सुरू झाली तेव्हाच तिनं जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "जोडे माझ्या पैशानं घ्यायचे. बाबांनी मधात पडायचं नाई." उन्हाळ्यातल्या लग्नांत तिनं नवरीच्या हातांवर मेंदी काढून पैसे जमवले होते. ते लताच्या खात्यात, लताच्या फोनवर. मीही मान डोलावली. मला अभिमानच वाटला होता.

मग दिवाळी आली, आणि दिवाळीबरोबर फोनवरचा सेल आला. एक दिवस पार्सल आलं, टोपीवालं स्वेटर. मग गाणी ऐकायचे कानातले भोंगे. मग भिंतीला लावायचे दिवे. पार्सलवाला मुलगा माझ्या दुकानावरच वस्तू ठेवून जायचा, कारण त्याला घराची गल्ली सापडत नसे. मी प्रत्येक खोकं शोकेसवर ठेवायचो, आणि दर वेळी वाटायचं, हे शेवटचं असेल.

भाऊबीजेनंतर एका सकाळी ती पाळीवरून लवकर परतली. दुकानाच्या पायरीवर बसली. मी झाडू मारत होतो.

"बाबा, जोड्याचे पैसे नाई राहिले."

"कुठं गेले?"

"कुठंच नाई. थोडे थोडे गेले."

"मंग हे स्वेटर कायले घेतलं व?"

"सेल सरून राहिला होता."

"पायजे होतं का तुले?"

तिनं जोड्याची नाडी सोडली. मग म्हणाली, "तवा पायजे होतं."

माझ्याजवळ भाषण तयार होतं. असतंच. पण ते मी गिळलं. ती खोटं बोलत नव्हती. त्या क्षणी तिला खरंच पाहिजे होतं, जसं मला पिस्तूल पाहिजे होतं. फरक एवढाच की माझं धान ओलं होतं. मी झाडू ठेवला आणि तिला सरव्याची गोष्ट सांगितली. अर्धी ती आधी ऐकून होती, तरी ऐकली. शेवटी मी म्हटलं, "एक करून पाहू. फोनवर जे आवडन ते निवडून ठेव, पण घेऊ नोको. पुढच्या गावची मंडई सरली की पाहू. तवाबी पायजे असन त घेजो, मी काईच म्हणणार नाई."

"अन् सेल सरला त?"

"सरू दे. मंडई सरते, सेलचं काय घेऊन बसली?"

तिला हसू आलं. मला वाटतं तिनं ते हसण्यावारी नेलं असतं, पण जोड्यांचं खरंच मनाला लागलं होतं. तिनं ते करून पाहिलं. पुढची मंडई जवळच्याच गावची होती. तिथून आम्ही परत आलो, तर निवडून ठेवलेलं घड्याळ तिनं स्वतःच काढून टाकलं. त्यानंतरच्या मंडईला केसांचं यंत्र गेलं. फोनवर रोज निरोप यायचे, तुमची वस्तू तुमची वाट पाहत आहे. लता म्हणायची, "पाहू दे वाट, तिले दुसरं काम काय आहे?" एक मात्र राहिलं, एक कंपासपेटी. ती कंपासपेटी दोन्ही मंडयांना टिकली, म्हणून तिनं ती उरल्यासुरल्या पैशांतून घेतली, आणि ती पेटी आजही तिच्या दप्तरात आहे. असं सगळं सुरळीत लिहिताना मीच फार शहाणा वाटतो. तसं काही नव्हतं. मधे एकदा तिनं चिडून फोन गादीवर आपटला होता आणि मला कंजूस म्हणाली होती.

जोड्यांसाठी आता एकच दिवस उरला होता, आमच्या सानगडीच्या मंडईचा. त्या दिवशी मी दुकानासमोर टेबल लावतो. सगळी शोकेस बाहेर येते, वर रंगीत कागदाची झालर. प्राचीला म्हटलं, "टेबल तू सांभाळ. जे विकशील त्याच्या नफ्यात तुझा वाटा." तिला हे पटलं. कमाई तिची, म्हणजे जोडेही तिच्याच पैशाचे. मंडई चांगली झाली तर जोडे येणार होते, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. लतानं तर सकाळी देवाजवळ दिवा लावताना पुटपुटून घेतलं.

गर्दी झाली. दंडारीची ढोलकी वाजायला लागली, जिलेबीचा धूर अंगावर यायला लागला, आणि माझ्या टेबलासमोर पोरं गप्प उभी राहायला लागली. मी आत झेरॉक्सच्या गिऱ्हाइकात गुंतलो होतो. बाहेर डोकावलं तर एक आठवी-नववीतली मुलगी, डोक्याला तेल, दोन वेण्या, मुठीत चुरगळलेली नोट. ती चमकणाऱ्या घड्याळावर बोट ठेवून उभी होती.

प्राचीनं विचारलं, "कायले पायजे?"

"मैत्रिणीजवळ आहे असंच."

"कोन्या गावची तू?"

मुलीनं गाव सांगितलं.

"तुमची मंडई झाली?"

"नाई. पुढच्या आठवड्यात आहे."

"मंग येतीन ना तुया घरी पाहुणे. काय खाऊ घालशीन त्याईले, घड्याळ?"

मुलगी लाजली. प्राची म्हणाली, "आज जा. उद्याबी पायजे वाटलं त ये, मी तुयासाठी बाजूले ठेवून देतो." आमच्याकडे मुलीही मी म्हणतो, मी जातो असंच बोलतात. मुलीनं नोट परत मुठीत घेतली आणि गर्दीत गेली. मी म्हटलं, एखादी गेली, जाऊ दे. पण मग दुसरी. मग दोघी मिळून आलेल्या. सगळ्यांना नाही, ज्यांच्या हातात पाहुण्यांनी दिलेली नोट दिसायची त्यांनाच ती विचारायची. निम्मी पोरं तरी घेऊनच गेली, पण निम्मी परत गेली. मला धीर धरवेना.

"माय, वर्षाचा धंदा आहे हा! गिऱ्हाइकाले हाकलून काहून राहिली?"

"मी कुठं हाकलतो? उद्या ये म्हणून राहिलो."

"उद्या कोन येते?"

"तेच त," ती म्हणाली. "उद्या कोनीच येत नाई. म्हणजे त्याईले नव्हतंच पायजे."

लता आतून चहा घेऊन आली होती, तिनं सगळं ऐकलं. "घ्या," ती म्हणाली, "पिकलं शेवटी तुमचंच बियानं." मी चहा घेतला, पण तो गोड लागला नाही. मला शोकेसची काळजी नव्हती. प्रत्येक परत जाणाऱ्या पोरीबरोबर प्राचीच्या जोड्यांचा एकेक खिळा निघून चालला होता, आणि हे तिला माझ्याहून जास्त कळत होतं. तरी ती विचारत होती.

संध्याकाळी टेबल आवरलं. जोड्यांना पुरेल एवढा वाटा निघाला नाही. थोडाच कमी होता, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, "बाकीचे मी टाकतो. सकाळीच तालुक्याले, साकोलीले जाऊ अन् घेऊन टाकू."

"राहू द्या बाबा," ती झालर गुंडाळत म्हणाली. "कॅनव्हासचे चालतात. आता घेतले त पुढच्या साली पाय नाई मावणार त्यात."

"मी म्हणतो ना, घेऊ."

"नाई म्हणलं ना. माये पैसे पुरतीन तवा घेऊ."

आणि ती जेवायला बसली. पाहुण्यांच्या पोरांना तिनं स्वतःच्या पैशातून खाजा आणून ठेवला होता, त्यांच्यात हसत होती. मला मात्र एक जुनी मंडई आठवत होती. हीच पोरगी चार-पाच वर्षांची असताना एका फुग्यासाठी मंडईच्या मधोमध धुळीत लोळली होती. लोक जमले होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि मी तिला म्हटलं होतं, थांब, शहाणी मुलगी थांबते. तेव्हापासून मी तिला थांब म्हणतच आलो. आता ती थांबली होती. आणि मला त्या रात्री मनापासून वाटत होतं की तिनं हट्ट करावा. एकदा म्हणावं, बाबा, मले पायजेच. मी साकोलीचं दुकान उघडायला लावलं असतं. आपल्याकडे काही मागायचं पोरांनी बंद केलं की बापाला आपण म्हातारे झालो असं वाटतं, निदान मला वाटलं. तिनं हट्ट केला नाही. जेवून ती झोपायला गेली.

भंडाऱ्याला आम्ही दोघंच गेलो. मैदानाला पांढऱ्या रेघा मारल्या होत्या, थंडी होती, मुली अंग गरम करत उड्या मारत होत्या. बहुतेकींच्या पायांत खिळ्यांचे जोडे. प्राचीनं कॅनव्हासच्या नाड्या दोनदा बांधल्या. पहिली फेरी ती जिंकली. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो, मग शेजारचे एक गृहस्थही माझ्यासाठी वाजवायला लागले. शेवटच्या फेरीत निघतानाच तिचा पाय सरकला, थोडासाच, आणि ती मागे पडली ती पडलीच. शेवटी बऱ्याच मुलींना तिनं गाठलं, पण पहिल्या तिघींत आली नाही. जोडे असते तर? माहीत नाही. हा प्रश्न मी तिला विचारला नाही आणि तिनंही काढला नाही. अजूनही यंदाच्या भोंग्याबरोबर तो माझ्या मनात येतो. ती आता साकोलीला अकरावीत आहे, पैसे साठवून आहे, पाय वाढायचे थांबलेत का याची वाट पाहते. मी विचारलं की म्हणते, पुढच्या मंडईपर्यंत.

त्या शर्यतीच्या दिवशी आम्ही मैदानातून चालतच बसस्टँडवर आलो. तिचे डोळे कोरडे होते, पण ओठ घट्ट. घरच्या वाटेची साकोलीची गाडी लागलेली होती, कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, आत दोन जागा रिकाम्या दिसत होत्या. मी तिची पिशवी घेतली आणि पायरीवर पाय ठेवला. मागे पाहिलं तर ती आलीच नव्हती. स्टँडच्या फाटकाजवळ तळलेले पोंगे आणि बटाट्याचा तिखट रस्सा देणाऱ्या आलूपोंग्याच्या हातगाडीसमोर ती उभी होती, गप्प.

"प्राची, गाडी सुटून राहिली!"

"बाबा, मले आलूपोंगे पायजे."

"साकोलीले खाऊ ना मंग."

"नाई. मले आत्ताच पायजे." आणि तिचा आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती लहान पोरीसारखी पाय आपटत म्हणाली, "आत्ताच म्हणजे आत्ताच!"

मी पायरीवरून खाली उतरलो. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. हातगाडीवाल्याला दोन प्लेटी सांगितल्या, वरून शेव आणि चटणी जास्त टाकायला लावली. कंडक्टरनं घंटी मारली. साकोलीची गाडी आमच्या डोळ्यांदेखत फाटकातून बाहेर गेली. प्राची रडता रडता खात होती, तिखटानं हुसहुस करत होती, आणि पुढची गाडी कधी आहे ते विचारायला मी काही गेलो नाही.